रॅकमधला स्विच सारखा बंद पडतोय? नवा घेण्याआधी रॅकची जागा तपासा

रॅकमधला, म्हणजे नेटवर्कची यंत्रं ठेवायच्या पत्र्याच्या कपाटातला, नेटवर्क स्विच (संगणक, कॅमेरे एकमेकांना जोडणारा डबा) हँग झाला, बंद करून चालू केला, चालला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं की स्विचच गेलाय, नवा आणा. नवा येतो, थोडे दिवस बरा चालतो आणि त्याचीही तीच गत होते. कोल्हापूर आणि आसपासच्या ऑफिसांत, दवाखान्यांत, शाळांत आणि एमआयडीसीतल्या शेडमध्ये नेटवर्कचे रॅक बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. हे दुखणं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की फोन आला की रॅक कुठं टांगलाय ते आधी विचारतो. स्विच कुठल्या कंपनीचा, हे नंतर.

असा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड बहुतेक वेळा जागेचा असतो. हवा, वीज, अर्थिंग, ओल किंवा भिंत, यापैकी काहीतरी चुकलेलं असतं. ते तसंच ठेवून नवा स्विच बसवला तर पैसे पाण्यात जातात. तुम्ही नवीनच रॅक बसवणार असाल, तरी खालच्या तपासण्या ड्रिल मशीन हातात घेण्याआधी करून घ्या. क्रम सोप्या आणि स्वस्ताकडून अवघड आणि खर्चिकाकडं असा लावलाय. तो मोडू नका, कारण निम्म्याहून जास्त ठिकाणी पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच उत्तर सापडतं.

लक्षणं

आधी तुमच्याकडं नेमकं काय होतंय ते ठरवा. बिघाड कधी झाला आणि तेव्हा हवा कशी होती, याची नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

- सकाळी सगळं सुरळीत, पण दुपारी एक ते चारच्या दरम्यान स्विच अडकतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. संध्याकाळी पुन्हा ठीक. एप्रिल-मेमध्ये हे वाढतं.
- लाईट गेली आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटर लागला की ट्यूबलाईट जेमतेम मिचकावते, पण नेट चार-पाच मिनिटं जातं.
- पावसाळ्यात स्विचच्या काही पोर्टचा (केबल खुपसायच्या खाचेचा) वेग १००० वरून १०० एमबीपीएसवर येतो किंवा लिंक जाते-येते. पाऊस संपला की आपोआप सुधारतं.
- वळीव झाला, वीज कडाडली, की दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोर्ट मेलेले. बहुतेक वेळा बाहेरच्या कॅमेऱ्याचे किंवा गेटवरच्या केबिनचे.
- अंधार पडला, कॅमेऱ्यांच्या रात्रीच्या एलईडी लागल्या, की एक-दोन कॅमेरे गायब होतात.
- काही कारण नसताना आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण) अधूनमधून पडतो.
- रॅकच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.
- स्विचच्या पंख्याचा आवाज वाढलाय, किंवा पूर्वी येणारा आवाज आता येतच नाही. यातलं दुसरं जास्त वाईट.
- रॅकची वरची कड भिंतीपासून सुटलीय.

यातलं काही असेल तर पुढं वाचण्याआधी थांबा

झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल, सॉकेट काळवंडलेलं असेल किंवा डीबीत (विजेच्या मुख्य वितरण पेटीत) पाणी उतरलेलं दिसत असेल, तर स्वतः काही तपासू नका. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. डीबीच ओली असेल तर तिला हातही लावू नका.

आणखी एक धोका लोकांना ओळखता येत नाही. इमारतीत एका खोलीतले दिवे एकदम प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद झाले, तर तीन फेजच्या पुरवठ्यातला न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी २३० च्या जागी ३०० आणि त्यापुढंही व्होल्टेज उपकरणांवर येऊ शकतं. ताबडतोब मेन बंद करा. इमारतीतल्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन आणि खांबापासून मीटरपर्यंतच्या भागासाठी महावितरण, तक्रार क्रमांक १९१२.

फुकटातली तपासणी: स्विच किती वेळ चालू आहे?

बिघाड झाल्यावर लोक आधी प्लग काढून पुन्हा लावतात आणि तिथंच पुरावा जातो. त्याआधी राउटरच्या किंवा स्विचच्या पानावर जाऊन अपटाइम बघा, म्हणजे ते यंत्र सलग किती वेळ चालू आहे. साध्या स्विचला असं पान नसतं, पण त्याच रॅकमधल्या राउटरला किंवा कॅमेऱ्यांच्या एनव्हीआरला (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राला) असतं.

रॅकमधल्या सगळ्या यंत्रांचा अपटाइम एकाच वेळी शून्यावर आला असेल, तर दोष विजेचा. एकट्या स्विचचाच आला असेल, तर त्याचा ॲडॅप्टर, त्याचं सॉकेट किंवा त्याला लागणारी उष्णता. अपटाइम आठवड्यांचा दिसतोय पण लिंक तुटतायत, तर केबल, जॅक किंवा ओल. या एका गोष्टीनं शोध तिसऱ्या हिश्श्यावर येतो. एक कागद रॅकच्या दारावर चिकटवा आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, लाईट गेली होती का, पाऊस होता का एवढं लिहीत चला. पंधरा दिवसांचा असा कागद हातात असेल तर तुमच्याकडं येणाऱ्या माणसाचं काम अर्धं होतं.

रात्री जाणाऱ्या कॅमेऱ्यांचं उत्तरही इथंच मिळतं. पीओई स्विचला, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या स्विचला, एकूण किती वॅट देता येतात याची मर्यादा असते. जुन्या पद्धतीच्या पीओईत एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रकारात ३० वॅटपर्यंत मिळतात, पण सगळ्या पोर्टना एकाच वेळी तेवढे पुरतीलच असं नाही. रात्रीच्या एलईडी लागल्या की प्रत्येक कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि बेरीज मर्यादेबाहेर जाते. स्विचच्या माहितीपत्रकातला एकूण आकडा आणि कॅमेऱ्यांची बेरीज शेजारी मांडून बघा.

डोळे आणि नाक

रॅकचं दार उघडा आणि टॉर्च मारून नीट बघा. हवेच्या जाळ्यांवर धूळ किती आहे? धूळ कसली आहे हेही महत्त्वाचं. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीत फाउंड्री, मशीन शॉप शेजारी असेल तर धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात आणि ते वीज वाहून नेतात. इचलकरंजीच्या मागांजवळ कापसाची तूस जाळीवर चिकटून हवा पूर्ण अडवते. मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीत मुंग्या रॅकमध्ये घर करतात. पाली आणि उंदीर तर कुठंही. केबल आत येण्याची भोकं ब्रशच्या पट्टीनं किंवा रबरी ग्रोमेटनं बंद केलेली असली पाहिजेत.

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर हाताशी असतो, म्हणून लोक त्याच्याच पाईपनं स्विच साफ करतात. तसं करू नका. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाब फार असतो, आणि त्या झोतानं पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. यंत्र बंद करून प्लग काढा, मऊ ब्रश आणि साधा हँड ब्लोअर वापरा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. लोखंडाची धूळ कार्डावर आतपर्यंत गेलेली दिसली तर यंत्र उघडू नका. ते दुरुस्तीवाल्याचं काम.

उष्णता

दोन-तीनशे रुपयांचा, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो खोलीत ठेवू नका, रॅकच्या आत ठेवा, जिथून स्विच हवा आत घेतो त्या बाजूला. दार बंद करून दुपारी तीनला आकडा बघा. ऑफिसातले बहुतेक स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंत चालतील असं कंपनी लिहिते, पण तो आकडा स्विचमध्ये शिरणाऱ्या हवेचा असतो. खोलीत ३४ असताना बंद रॅकमध्ये ४५ सहज होतात. सर्व्हर आणि नेटवर्क यंत्रांसाठी आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी सर्वमान्य शिफारस आहे. छोट्या ऑफिसात ते नेहमी जमत नाही हे मला मान्य आहे, पण ३५ च्या वर रोज जात असेल तर जागा किंवा हवा बदलायलाच हवी.

आपल्याकडं रॅक बसवण्याची सगळ्यात वाईट जागा म्हणजे पत्र्याखालचा पोटमाळा. एमआयडीसीतल्या शेडमध्ये ऑफिस केबिनच्या छतावर, वर तापलेला पत्रा आणि खाली एसीची थंडगार केबिन, मधोमध रॅक. खाली माल ठेवायला जागा लागते म्हणून रॅक वर टाकलेला असतो. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, गेल्याच वर्षी नवा घेतलाय की हो स्विच!" थर्मामीटर वर ठेवून दुपारी त्यांनाच शिडीवर चढवलं. आकडा बघून खाली उतरले आणि त्याच आठवड्यात रॅक केबिनमध्ये आला. स्विच अजून तोच आहे.

स्वस्तातले उपाय असे. रॅकच्या वरच्या पंख्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी बाहेर उडाली पाहिजे. ती आत ओढली गेली तर पंखा उलटा बसवलाय, आणि हे फार ठिकाणी सापडतं. बिनपंख्याच्या स्विचच्या वर एक यू, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, मोकळा सोडा. काही स्विच पुढून हवा घेऊन मागं सोडतात, तर काही एका बाजूनं घेऊन दुसऱ्या बाजूनं. बाजूनं घेणारा स्विच रॅकच्या पत्र्याला चिकटून केबलच्या जुडग्यात बसला तर त्याला हवाच मिळत नाही. रॅकच्या माथ्यावर फायली, प्रसादाचे बॉक्स, जुने मोडेम ठेवलेले असतात. ते आधी काढा.

एसी लावायचा असेल तर गणित सोपं आहे. यंत्रांनी ओढलेले जवळपास सगळे वॅट शेवटी उष्णता होतात आणि एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळं छोट्या रॅकला एसीची ताकद कमी पडत नाही. अडचण वेगळीच असते: संध्याकाळी ऑफिस बंद करताना एसीही बंद होतो आणि रॅक रात्रभर बंद खोलीत चालू राहतो. शिवाय एसीचं इनडोअर युनिट रॅकच्या बरोबर डोक्यावर कधीही बसवू नका. त्याची ड्रेनची नळी कधीतरी तुंबतेच.

प्लग, बोर्ड, इन्व्हर्टर, यूपीएस

रॅकमध्ये साधा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो पहिला बाहेर काढा. ॲडॅप्टरच्या वजनानं त्याच्या पट्ट्या सैल होतात, ठिणगी पडते आणि स्विच क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रॅकला स्क्रूनं बसणारा पीडीयू (मजबूत सॉकेटची पट्टी) लावा, त्याचा प्लग भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटमध्ये घाला आणि त्या सॉकेटवर झेरॉक्स मशीन, लेझर प्रिंटर, पाण्याची मोटर यातलं काहीही लावू देऊ नका.

लाईट गेल्यावरच नेट जात असेल तर घरगुती इन्व्हर्टरच्या मागचं एक छोटं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना नॉर्मल आणि यूपीएस असे दोन मोड असतात. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. दिवा-पंख्याला तो कळत नाही, स्विच मात्र रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर केलं की अनेक ठिकाणी एक पैसाही न घालता तक्रार संपलीय. तरीही राहिली तर छोटा यूपीएस घ्या. ऑनलाइन प्रकारात बॅटरीवर जाताना खंड पडत नाही. साध्या प्रकारात काही मिलिसेकंद जातात, जे चांगल्या पॉवर सप्लायला चालतात, पण स्वस्त ॲडॅप्टरला चालतीलच असं नाही.

यूपीएस आधीच असेल तर त्याची चाचणी करा. ऑफिस सुटल्यावर, सगळ्यांचं काम सेव्ह झाल्यावर, भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग ओढून काढू नका, कारण प्लग काढला की अर्थिंगही तुटतं. बटणानं फक्त फेज तुटतो. दहा मिनिटं टिकायला हवा तो यूपीएस दोन मिनिटांत ओरडायला लागला तर बॅटरी संपलीय. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणजे गरम रॅक इथंही पैसे खातो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती ओढून काढायचा प्रयत्न करू नका, यूपीएसवाल्याला बोलवा.

ओल आणि पाणी

जून ते सप्टेंबर या काळात येणाऱ्या तक्रारी मी वेगळ्याच धरतो. पॅच पॅनेलमधला (सगळ्या केबल जिथं येऊन जोडल्या जातात त्या पट्टीतला) एक जॅक काढून टॉर्चच्या उजेडात बघा. आठ बारीक सोनेरी तारा एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखाद्या तारेवर हिरवट पावडर किंवा काळा डाग दिसला की समजा, हवा ओली आहे. १००० चा वेग चालायला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणून एक जोडी गंजली की लिंक बंद न पडता वेग खाली येतो आणि लोक इंटरनेट कंपनीला फोन करत बसतात. गंजलेला जॅक घासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. कापून नवा लावा, आणि ओल कुठून येते ते शोधा.

रॅकच्या मागच्या भिंतीला बाथरूम आहे का? वर पाण्याची टाकी आहे का? भिंत पश्चिमेची, थेट पावसाच्या माऱ्याची आहे का? गिलावा फुगलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात का? यापैकी एकाचंही उत्तर हो असेल तर तिथं रॅक नको. पर्यायच नसेल तर भिंतीपासून मोकळी जागा सोडून लोखंडी स्टँडवर ठेवा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक केबलला रॅकच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून घरंगळत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, रॅकमध्ये शिरत नाही. पावसाळ्यात यंत्रं रात्री बंद करू नका. चालू यंत्र कोमट राहतं, त्यावर दव धरत नाही.

आता महापुराचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी व्हीनस कॉर्नरला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा नागाळा पार्कात काढला त्यांना मी वेगळं काय सांगणार. पण नव्या भाडेकरूला ते माहीत नसतं. रॅकची जागा ठरवण्याआधी शेजारच्या दुकानदारांना विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तळमजल्यावर रॅक, यूपीएस किंवा बॅटरी त्या खुणेच्या खाली ठेवू नका. शक्य असेल तर पहिल्या मजल्यावरच न्या, आणि डीबीसुद्धा वर घ्यायला सांगा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमचा भाग पाण्यात जाणारा असेल तर ३९ ला बॅकअप घेऊन यंत्रं उतरवायला लागा, ४३ ची वाट बघू नका. पाण्यात बुडालेलं यंत्र वरून कोरडं दिसलं तरी चालू करू नका, आणि बुडालेलं वायरिंग इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय मेन लावू नका.

मल्टीमीटर लावायचा तर

ही पायरी मल्टीमीटर वापरण्याची सवय असलेल्यांसाठीच आहे. कधी हातात धरलेला नसेल तर इथंच इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही. डीबीचं झाकण उघडायचं नाही, फक्त भिंतीवरच्या तीन पिन सॉकेटमध्ये मोजायचं. मीटर एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजवर, पायात चप्पल, जमीन कोरडी.

सॉकेटकडं तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ मध्ये हवं, म्हणजे २३० च्या दहा टक्के खाली-वर. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. ते शंभर-दीडशेवर घुटमळत असेल किंवा आकडा स्थिरच होत नसेल तर अर्थिंग तुटलेलं आहे, फक्त तिसरी पिन आहे. न्यूट्रल-अर्थ लोड चालू असताना एक-दोन व्होल्ट ठीक, तीनच्या वर गेलं तर न्यूट्रलवर भार जास्त आहे किंवा जोड सैल आहे.

आणि न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, लोड चालू-बंद करूनही शून्यच, तर खूश होऊ नका. बऱ्याच जुन्या दुकानांत अर्थची वायर आलेलीच नसते आणि कुणीतरी सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्यानं जोडून ठेवलेलं असतं. टेस्टला सगळं बरोबर दिसतं. पण ज्या दिवशी मागं कुठंतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी रॅकच्या सगळ्या पत्र्यात फेज येईल. दार उघडायला जाणारा माणूस थेट २३० व्होल्टला हात लावेल. असा जोड सापडला तर ते सॉकेट त्याच क्षणी वापरातून काढा. मी अशा सॉकेटवर रॅक सुरू करून देत नाही, कितीही घाई असली तरी.

झिणझिण्या का येतात, तेही सांगतो. संगणकी पॉवर सप्लायमध्ये विजेतला नॉइज (कानाला न येणारा विद्युत गोंगाट) दाबण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून थोडा प्रवाह अर्थिंगकडं वाहून जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं, ११०-११५ व्होल्ट दिसतं. एका यंत्राचा प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण रॅकमध्ये दहा-पंधरा यंत्रं असली की सगळ्यांचा मिळून जमतो. शिडीवर उभ्या माणसाला तेवढा झटका तोल जायला पुरतो.

आरसीसीबी विनाकारण पडण्याचं मूळही हेच. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान केव्हाही पडू शकतो आणि एका आरसीसीबीवर खूप यंत्रं असली की ही नेहमीची गळतीच तिथपर्यंत पोचते. काही जण आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देतात. तसं करू देऊ नका. तो माणसाचा जीव वाचवायला आहे. यंत्रं दोन-तीन सर्किटांत विभागून घ्या.

भिंत

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या इमारतींत भिंत बाहेरून गुळगुळीत सिमेंटची आणि आत दगड-मातीची असते. ड्रिल मारताना बीटवर येणारी भुकटी बघा. आधी राखाडी येते, ती गिलाव्याची. मग तांबडी आली तर वीट, तपकिरी आली तर जांभा. पिवळसर माती आली आणि बीट एकदम सुळकन आत गेलं तर ते मातीच्या सांध्यात गेलंय. तिथं कितीही मोठा फिशर ठोका, रॅक टिकणार नाही. भिंतीवरच्या रॅकचं वजन भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं असतं, त्यामुळं वरचे दोन स्क्रू सतत बाहेर ओढले जातात. वरची फट हे त्याचंच लक्षण.

विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर, मातीच्या भिंतीत आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. पलीकडं जाता येत नसेल तर उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून जमिनीवर उभा राहणारा अँगलचा स्टँड करून घ्या. माझी पसंती नेहमी स्टँडला. यूपीएस आणि बॅटरी भिंतीवरच्या रॅकमध्ये ठेवू नका, त्या खाली जमिनीपासून थोड्या उंचावर. उभ्या रॅकमध्येही जड यंत्रं तळाला, आधी खालचं भरायचं, मग वरचं. रॅक जमिनीला बोल्ट केल्याशिवाय जड यंत्र पुढं ओढायचं नाही, पूर्ण रॅक अंगावर येतो. दार पूर्ण उघडून माणूस उभा राहील अशी साधारण मीटरभर मोकळी जागा पुढं हवी. फट पडलेला रॅक दिसला तर एकट्यानं स्क्रू आवळत बसू नका. दोघांनी आधार द्या, यंत्रं उतरवा, मग भिंत बघा.

बाहेरून येणारी केबल

विजेनंतर पोर्ट मरत असतील तर दोन इमारतींच्या मधली तांब्याची केबल शोधा. गेटची केबिन, मागची शेड, खांबावरचा कॅमेरा. वीज थेट केबलवरच पडावी लागत नाही. जवळ पडली तरी दोन ठिकाणच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये प्रचंड फरक पडतो आणि तो केबलमधून स्विचमध्ये येतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाकणं हाच याचा खरा उपाय. त्यातून वीज वाहत नाही, फक्त धातूची तार किंवा चिलखत नसलेली फायबर घ्या. केबिनपर्यंत फायबर नेऊन कॅमेऱ्यासाठी तिथंच छोटा स्विच बसवता येतो. आत, ऑफिसात, नेटवर्क केबल विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमधून नेऊ नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पॅच कॉर्ड (टोकाच्या छोट्या जोडकेबल) धरून १०० मीटरच्या आत ठेवा.

आता इलेक्ट्रिशियनकडून काय करून घ्यायचं

इथपर्यंत सगळं बघूनही बिघाड येत असेल, किंवा मीटरनं अर्थिंगचा दोष दाखवला असेल, तर पुढचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं. त्याला मोघम "अर्थिंग बघा" सांगू नका. डीबीपासून रॅकपर्यंत वेगळं सर्किट, स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारं बटण) आणि त्यावर नाव मागा. डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) मागा आणि त्याच्या जोडणीच्या वायरी एकूण अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. लांब वायर लावली तर त्याचा फायदा बराच कमी होतो. रॅकच्या बॉडीला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) लावून अर्थिंगची हिरवी वायर, तीही रंग खरवडून मोकळ्या धातूवर.

अर्थिंगचा खड्डा अर्थ टेस्टरनं मोजून आकडा लेखी घ्या. आपल्या मुरमाड माळावर उन्हाळ्यात जमीन सुकली की हा आकडा चढतो, म्हणून शक्यतो मेमध्ये मोजा. कुणी रॅकसाठी वेगळा खड्डा करून तो मुख्य अर्थिंगपासून तोडून ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. वीज पडली की दोन खड्ड्यांतला फरक तुमच्या यंत्रांतून जाईल. खड्डे कितीही असोत, ते एकमेकांना जोडलेले हवेत.

काम झाल्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, खड्ड्याचा ओहममधला आकडा आणि दुपारी तीनचं रॅकमधलं तापमान, हे सगळं तारखेसकट दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला सांगा.